राजा ई१ वर नसेल तर

मित्रहो, आधी एक कबुली. मी बुद्धिबळ बेताचंच खेळतो. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचं वेड मात्र मला बरीच वर्षं आहे, आणि त्या वेडापायी एकदा जी फजिती झाली तिथूनच सुरुवात करतो.

माझा प्रोग्राम नेहमीचं बुद्धिबळ बरं खेळायला लागला होता. म्हटलं, आता याला फिशर रँडम शिकवू. मागच्या रांगेतले मोहरे इकडचे तिकडे मांडायचे, बाकी नियम तेच. एका संध्याकाळचं काम! पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरं आणि आडव्या रांगांना १ ते ८ असे आकडे असतात, आणि नेहमीच्या मांडणीत पांढरा राजा ई१ वर असतो. पहिल्याच डावात पांढऱ्याचा राजा एफ१ वर आला होता आणि हत्ती त्याला खेटून जी१ वर. प्रोग्रामने कॅसलिंग केलं, म्हणजे राजा आणि हत्ती दोघांना एकाच खेळीत हलवण्याची ती खास चाल. पडद्यावर बघतो तर राजा होता तिथेच, आणि हत्ती गायब. काळ्याने काहीही मारलेलं नव्हतं. प्रोग्रामला त्याचं काही नाही. आपला एक हत्ती कमी आहे असं धरून तो शांतपणे पुढे खेळत राहिला.

चूक अर्थात माझी होती. मी लिहिलं होतं: आधी राजाला नव्या घरात ने, मग हत्तीला नव्या घरात ने. नेहमीच्या पटावर कॅसलिंगच्या वेळी ती दोन्ही घरं रिकामीच असतात, त्यामुळे ही चूक जन्मभर लपून राहू शकते. इथे राजा जी१ वर गेला तो थेट स्वतःच्या हत्तीवर जाऊन बसला. मग ‘जी१ वरचा मोहरा एफ१ वर ने’ ही दुसरी आज्ञा आली. प्रोग्रामने जी१ वर जे सापडलं ते उचललं, म्हणजे राजालाच, आणि मुकाट्याने परत एफ१ वर आणून ठेवलं. उपाय सोपा आहे. दोन्ही मोहरे आधी पटावरून उचलायचे, मग ठेवायचे. पण तोपर्यंत मला कळलेलंच नव्हतं की मी बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिलाच नव्हता. मी ‘राजा ई१ वर असतो’ हे धरून चालणारा प्रोग्राम लिहिला होता.

हा खेळ ज्याने काढला त्या माजी जगज्जेत्या बॉबी फिशरचा राग यंत्रांवर नव्हता, पाठांतरावर होता. १९ जून १९९६ रोजी ब्यूनोस आयर्समध्ये त्याने हा प्रकार जाहीर केला. प्यादी जागच्या जागी राहतात. मागची रांग चिठ्ठी टाकून ठरवायची, आणि पांढऱ्याची जशी तशीच समोर काळ्याची. अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा. आता मोजा. एका उंटाला चार घरं, दुसऱ्याला चार, झाले सोळा प्रकार. उरलेल्या सहा घरांत वजीर कुठेही, सहा प्रकार. उरलेल्या पाचांत दोन घोडे, दहा प्रकार. राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. तिथे निवड नाही. सोळा गुणिले सहा गुणिले दहा, नऊशे साठ. म्हणून याला चेस ९६० असंही म्हणतात. या मांडण्यांना शून्यापासून नंबर दिलेले आहेत आणि आपली रोजची मांडणी त्यांत ५१८ नंबरची आहे. एवढी शतकं आपण एकाच नंबरावर बसून आहोत.

१९९६ हे साल लक्षात घ्या. त्याच फेब्रुवारीत आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्याचा पहिला डाव हरवला होता. तो सामना कास्पारोव्हने ४-२ असा जिंकला, पण मे १९९७ मध्ये दुसरा सामना तो हरला. त्यातला शेवटचा, सहावा डाव आठवा. कारो-कान बचाव, डीप ब्लूने ई६ वर घोडा देऊन टाकला आणि अवघ्या १९ चालींत डाव संपला. यंत्राने घोडा बळी दिला म्हणून लोक थक्क झाले. पण ती खेळी यंत्राने पटाशी बसून शोधलेली नव्हती, ती त्याच्या ओपनिंग बुकात होती. ओपनिंग बुक म्हणजे माणसांनी आधीच भरून ठेवलेल्या सुरुवातीच्या चालींची वही. त्या वहीत स्थिती सापडली की प्रोग्राम विचार करत नाही, नुसता वाचतो. म्हणजे ज्या डावाने यंत्राची मोहोर उमटली, त्याची कळीची खेळी पाठ केलेली होती! याने डीप ब्लूचं मोल कमी होतं असं मी म्हणत नाही, बळी दिल्यानंतरचं सगळं त्यालाच खेळायचं होतं. पण पाठांतर हा फक्त माणसांचा रोग आहे, असं मात्र कोणी समजू नये.

तेव्हा वही काढून घेतली तर काय होतं, हा प्रश्न यंत्रांनाही लागू होतो. तो जाहीरपणे विचारला गेला जर्मनीतल्या माइन्झ शहरात. तिथे हान्स-वॉल्टर श्मिट यांच्या पुढाकाराने दर वर्षी बुद्धिबळाचा मोठा मेळा भरे आणि त्यात फिशर रँडमला मानाचं पान असे. २००५ साली तिथे प्रोग्रामांची पहिली चेस ९६० जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकली स्पाइकने. फोल्कर ब्योम आणि राल्फ शेफर या दोघा जर्मनांनी लिहिलेला, फुकट मिळणारा प्रोग्राम! मला हा निकाल फार आवडतो. पुढच्या वर्षी स्टेफान मायर-काह्लेन यांचा श्रेडर जिंकला आणि २००७ ते २००९ अशी सलग तीन वर्षं वासिक राजलिच यांचा रिबका. नेहमीच्या बुद्धिबळातही तेव्हा रिबकाचीच सद्दी होती, म्हणजे वही नसली तरी बलवान तो बलवानच राहिला. त्याच सुमारास माइन्झला माणसं आणि यंत्रंही समोरासमोर बसली. ग्रँडमास्टर पीटर स्विडलरने द बॅरन या प्रोग्रामला दीड विरुद्ध अर्धा असं हरवलं, आणि श्रेडरने ग्रँडमास्टर झोल्टान अल्माशीला दोन-शून्य.

यंत्राला मग यात अडतं कुठे? पुढच्या शक्य चालींच्या झाडात खोल उतरून बघणं हा इंजिनाचा, म्हणजे अशा खेळणाऱ्या प्रोग्रामाचा, गाभा; त्याला सुरुवातीची मांडणी कशी आहे याच्याशी देणंघेणं नाही. डावाच्या अखेरीसही काही फरक नाही. मोजके मोहरे उरले की स्थिती ५१८ मधून आली की शून्यातून, हे कोणी सांगू शकत नाही. मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली तयार उत्तरं जशीच्या तशी चालतात. अडतं ते मधे, आणि बहुतेक वेळा कॅसलिंगपाशी.

नियम असा की राजा आणि हत्ती कुठूनही निघोत, पोचायचं नेहमीच्याच घरांत. एका बाजूला राजा जी१ आणि हत्ती एफ१, दुसऱ्या बाजूला राजा सी१ आणि हत्ती डी१. त्यामुळे कधी राजा हलतच नाही, नुसता हत्ती उडी मारतो. कधी उलटं होतं. कधी दोघं फक्त जागा बदलतात, आणि तेव्हा तर पहिल्याच खेळीला कॅसलिंग करता येतं. अशा मांडण्या मी मोजल्या. राजा एफ१ आणि हत्ती जी१ अशा ९०, हत्ती सी१ आणि राजा डी१ अशा ७२. एकूण १६२, म्हणजे सहातली एक. माझ्या फजितीला फार वाट का बघावी लागली नाही, ते आता कळलं असेल.

याहून बेमालूम सापळा पुढे आहे. समजा तुमचा राजा सी१ वर आहे, हत्ती बी१ वर, आणि ए१ वर शत्रूचा वजीर येऊन बसलाय. राजाला शह नाही, कारण मधे हत्ती आहे. कॅसलिंग करायचं तर राजा जागचा हलणार नाही, त्याच्या वाटेतल्या घरांवर मारा आहे का हा प्रश्नच उद्भवत नाही. नेहमीचे सगळे निकष पूर्ण. पण हत्ती बी१ सोडून डी१ वर गेला की आडोसा गेला, राजा उघडा पडला, शह! म्हणजे खेळी बेकायदा. नेहमीच्या बुद्धिबळात कॅसलिंगमधला हत्ती आपल्याच राजाला असा कधी उघडा पाडू शकत नाही, म्हणून ही तपासणी कोणी लिहीत नाही. स्टॉकफिश या आजच्या अव्वल इंजिनात एवढ्याचसाठी वेगळी तपासणी लिहिलेली आहे आणि शेजारी टिपणात उदाहरण दिलंय ते हेच: हत्ती बी१ वर, शत्रूचा वजीर ए१ वर. ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. तिथेही कोणीतरी ठेच खाल्लेली असणार.

आणखी एक गंमत सांगतो. राजा एफ१ वरून जी१ वर गेला असं इंजिनाने कळवलं, तर ती साधी चाल की कॅसलिंग? कळायला मार्ग नाही. म्हणून इंजिनं आणि पडदा एकमेकांशी ज्या यूसीआय भाषेत बोलतात, तिच्यात चेस ९६० चं कॅसलिंग असं लिहायचं ठरलं की राजाने स्वतःच्याच हत्तीला मारलं. ऐकायला अघोरी आहे, पण चोख. स्वतःचा मोहरा मारणं एरवी नियमातच नाही, त्यामुळे गोंधळाला जागा उरत नाही.

आता स्थितीचं मोल ठरवण्याबद्दल. जुन्या इंजिनांत प्रत्येक मोहऱ्यासाठी ६४ आकड्यांचा तक्ता असे: घोडा मध्यात असला तर इतकी बक्षिसी, काठावर असला तर इतका दंड. हे तक्ते ५१८ नंबरच्या मांडणीतून निघालेल्या लाखो डावांवर घासूनपुसून बेतलेले. त्यात न दिसलेली परिस्थिती आली की ते बावचळतात. कोपऱ्यातल्या उंटाचंच बघा. नेहमीच्या डावात उंट सुरुवातीलाच ए१ वर कोंडलेला कधी नसतो. इथे तो असू शकतो, आणि बी२ वरचं प्यादं हलेपर्यंत त्याला बाहेर पडायला वाट नाही. त्या प्याद्यासमोर बी३ वर काही येऊन बसलं, तर उंट असून नसल्यासारखा. स्टॉकफिशमध्ये अनेक वर्षं या कोंडलेल्या उंटासाठी खास दंड होता आणि तो फक्त चेस ९६० खेळतानाच लागू होई. तुम्ही-मी दोन डाव खेळलो की हे आपल्याला समजतं. इंजिनाला कोणीतरी हाताने लिहून द्यावं लागलं होतं.

२०२० नंतर चित्र पालटलं. स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीपासून मोल ठरवायचं काम एक लहानसं न्यूरल नेटवर्क करू लागलं आणि हाताने लिहिलेले असले दंड हळूहळू निघून गेले. या नेटवर्कला राजा कुठे, बाकी मोहरे कुठे, यातून कळतं तेवढंच दाखवतात. कॅसलिंगचा हक्क शिल्लक आहे की गेला, हे त्याला सांगतच नाहीत! तरी त्याचं भागतं, कारण पुढच्या चाली बघणारा भाग तो हिशेब सांभाळतो. आणि आता त्याला शिकवण्यासाठी जे कोट्यवधी नमुने वापरतात, त्यांत पिसलेल्या मांडण्यांतून सुरू झालेल्या डावांचेही नमुने घालतात. म्हणजे कोंडलेला उंट आता कोणी समजावून सांगत नाही, यंत्र तो बघून बघून शिकतं. हे समजणं की नव्या प्रकारचं पाठांतर? माझा कौल समजण्याकडे आहे, पण मी पैज लावणार नाही.

फिशरला अभिप्रेत असलेला उपाय यंत्रांच्या बाबतीत पुरा पडला का? नाही. वही गेली तरी अव्वल इंजिनं एकमेकांशी बरोबरीच करत बसतात. सगळ्या ९६० मांडण्या स्टॉकफिशकडून तपासून घेतलेल्या आहेत. पांढऱ्याचा फायदा सरासरी एका प्याद्याच्या पाचव्या हिश्शाहूनही किंचित कमी निघतो. काही मांडण्यांत तो अर्ध्या प्याद्याच्या वर जातो, काहींत जवळपास शून्य. एवढ्याशा फायद्याने आजचं इंजिन हरत नाही. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी आणखी पुढची पायरी काढली: पांढऱ्याची रांग वेगळी पिसायची, काळ्याची वेगळी. ९६० गुणिले ९६०, म्हणजे ९,२१,६०० सुरुवाती. त्यातल्या कित्येक उघड उघड एकतर्फी, आणि नेमक्या त्याच हव्या असतात! प्रत्येक मांडणी दोनदा खेळवतात, बाजू बदलून. पांढऱ्याकडून खेळताना एकाने जिंकलं आणि दुसऱ्याला तेच जमलं नाही, की निकाल लागला. माणसांच्या खेळात न्याय मिळावा म्हणून दोन्ही रांगा सारख्या ठेवल्या होत्या. यंत्रांच्या खेळात निकाल लागावा म्हणून त्या वेगळ्या करायची पाळी आली.

बोलणं पुरे. पट मांडलेला आहे, लॅपटॉपवर इंजिन सुरू आहे आणि हा एक साधा फासा. मांडणी काढायला एवढा पुरतो. पहिल्या दोन फेकी उंटांच्या, चार-चार घरं, पाच किंवा सहा पडले तर पुन्हा टाकायचा. मग वजिराला उरतात बरोबर सहा घरं, फाशाच्या बाजूंइतकीच, कोणी मुद्दाम जुळवल्यासारखी. मग दोन घोडे. राजा-हत्ती आपोआप बसतात. पहिल्या रांगेतल्या ताईंनी फासा टाकावा. राजा एफ१ वर आणि हत्ती जी१ वर आला, तर कॅसलिंग मी स्वतः हाताने करून दाखवणार आहे.