न आलेल्या गेमवरची वर्षं

मित्रहो, आज इथे दादरला जमलेल्यांपैकी बरेच जण ॲनिमेशन नाहीतर प्रोग्रॅमिंग शिकताय, म्हणून थेट पोटापाण्याचं बोलतो. गेमच्या धंद्यात मुलाखतीला गेलात की विचारतात, आजवर काय शिप केलंत? म्हणजे तुम्ही काम केलेला गेम बाजारात आला का, आणि त्यात तुमचं नाव आहे का. मग गेमच रखडला तर?

'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' हा गेम १९९७ साली जाहीर झाला. १९९८ मध्ये 'क्वेक २' या गेमचं इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते, सोडून अनरिअल इंजिन घेतलं आणि बरंच काम पुन्हा करावं लागलं. पुढे हेच चालू राहिलं: तंत्र पुढे जायचं, हातातला गेम जुनाट दिसायचा. मे २००९ मध्ये तो बनवणाऱ्या थ्रीडी रिअल्म्स या कंपनीने टीमला घरी पाठवलं. त्यातल्या काही जणांनी ट्रिप्टिक गेम्स नावाने काम धरून ठेवलं, पुढे गिअरबॉक्स या दुसऱ्या कंपनीने तो हाती घेतला आणि जून २०११ मध्ये गेम आला. समीक्षकांनी तो झोडपला. पण घरी बसायची पाळी आल्यावरही ज्यांनी काम सोडलं नाही, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक जाहीर झाला, युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या मुंबई आणि पुण्याच्या स्टुडिओंकडे. ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम युबिसॉफ्टच्याच मॉन्ट्रियल स्टुडिओकडे सोपवलं. लोक ट्रेलरबद्दल भरभरून बोलले. त्यामागे राबलेल्या मुलामुलींबद्दल कोण बोललं?

रखडण्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. 'बियाँड गुड अँड इव्हिल २' या युबिसॉफ्टच्याच गेमची पहिली झलक २००८ची. त्याचे कर्ते मिशेल आन्सेल २०२० मध्ये बाहेर पडले, तेव्हा गेम आलेलाच नव्हता. पण 'रेमन' हा गाजलेला गेम त्यांच्या नावावर होता. कॉलेजातून थेट अशा प्रकल्पावर गेलेल्या मुलीजवळ काय असतं? एनडीए, म्हणजे गुप्ततेच्या करारामुळे, केलेलं मॉडेल पोर्टफोलिओत टाकता येत नाही. मध्येच नोकरी सोडली, तर पुढे गेम येऊनही क्रेडिट्समध्ये नाव असेलच असं नाही. सोडून गेलेल्यांनाही श्रेय द्यावं, असं आयजीडीए ही डेव्हलपरांची संघटना सांगते. पण ते कोणावर बंधनकारक नाही. मला हा उघड अन्याय वाटतो.

तेव्हा ऑफर लेटरवर सही करण्याआधी पगाराइतक्याच ठामपणे दोन गोष्टी विचारा: मी गेलो किंवा गेम बंद पडला, तर माझं कोणतं काम मला दाखवता येईल? आणि गेम आला, तर माझं नाव राहील का? उत्तर लेखी मागा. एकट्याला संकोच वाटत असेल, तर चौघं मिळून मागा.