घोड्याच्या सोबतीनं चालणारी माणसं

(दृश्य: पहाट. माळरानावर मेंढरांचा वाडा.)

सांगोल्याकडचा माळ आहे हा. अजून नीट उजाडलेलं नाहीये आणि धनगराच्या वाड्यात आवराआवर सुरू झालीय, म्हंजे वाघर, मेंढरं कोंडायची जाळी, सोडायची, भांडी बांधायची, कोकरं गोळा करायची. मेंढरं घेऊन बाप्ये पुढं जाणार. मागं राहतात बायका, लेकरं आणि घोडी.

आता या मावशींचा हात बघा. घोडीच्या पाठीवर आधी जुन्या वाकळेची घडी टाकली आणि हातानं दाबून चुणी काढली, कारण चुणी राहिली की चालताना तिथंच पाठ सोलवटते आणि एकदा जखम धरली की घोडीवर लादणं बंद. मग दोन्ही अंगाला वजन सारखं करायचं. डावीकडं भांडी, उजवीकडं धान्याचं गाठोडं, वर वाघर, त्यावर अंथरुणं, आणि सगळ्यात वर रात्री जन्मलेलं कोकरू, त्याला अजून एवढं चालवत नाही. शेजारी दोन कोंबड्या. हे सगळं होईस्तोवर घोडीला कुणी धरलेलंच नाही, दावं खाली लोळतंय. ती फक्त एक कान मावशींकडं वळवून उभी आहे.

त्या कानाकडं लक्ष द्या. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशेला फिरतात, आणि कान जिकडं तिकडं त्याचं ध्यान. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं त्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, पण बरोब्बर कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून जाणता माणूस मागून गुपचूप जात नाही, आधी आवाज देतो, खांद्यावर हात ठेवतो, मग पुढचं काम.

इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ साली एक प्रयोग छापला होता. २८ घोड्यांना अनोळखी माणसांचे मोठे फोटो दाखवले, एक हसऱ्या चेहऱ्याचा, एक रागावलेला. रागावलेला चेहरा दिसला की घोडे डाव्या डोळ्यानं बघायला लागायचे आणि त्यांच्या काळजाचे ठोके भराभर वाढायचे. अनोळखी माणसाच्या नुसत्या फोटोवरनं एवढं कळतं, मग रोज पहाटे पाठीवर हात ठेवणाऱ्या बाईचं किती कळत असेल! या वाड्यावर लादताना कुणी घोडीवर ओरडलेलं आम्ही ऐकलं नाही.

(दृश्य: वाडा निघतो. घोडी पुढं, मावशी बरोबरीनं.)

मावशी घोडीवर बसत नाहीत. चालतात. दिवाळीनंतर किती वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतात, वाटेत शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, आणि ही सगळी वाट माणूस पण चालतो आणि घोडी पण. आपल्याकडं घोडा म्हटलं की डोळ्यासमोर स्वार येतो. मला सोलापूर जिल्ह्यात दिसलं ते हे, शेजारी चालणारं माणूस.

ही घोडी भीमथडी जातीची. भीमेच्या थडीची, म्हंजे काठची, म्हणून भीमथडी. उंचीला बेताची, पण अंगानं चिवट, खुरं टणक, आणि माळावरच्या वाळल्या गवतावर पण तग धरणारी. मराठ्यांच्या घोडदळात दख्खनच्या अशाच काटक घोड्यांनी मुलूख तुडवला. ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारच्या पागेतला घोडा तो बारगीर, हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं. स्वाऱ्या संपल्या, पागा मोडल्या, पण भीमाकाठच्या घोड्यांची पैदास धनगरांनी चालू ठेवली. अलीकडं देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून भीमथडीची सरकारी नोंद पण झाली, आणि त्याचं मोठं श्रेय या फिरत्या वाड्यांना द्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: आषाढ. पुरंदवडे, रिंगणाची गर्दी.)

आता जिल्ह्यातला सगळ्यात मानाचा घोडा बघू. माऊलींचा अश्व.

बेळगाव जिल्ह्यात अंकली आहे, तिथल्या शितोळे सरकारांकडं या अश्वांचा मान. हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासून चालत आलेला. दरवर्षी दोन घोडे अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि मग पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पुन्हा चालत. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माऊली स्वतः बसलेत ही वारकऱ्यांची श्रद्धा. पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवाची समाधी, बाजीरावची विहीर, इथं रिंगण लागतं. तुकोबांच्या पालखीचं अकलूजला. पताकाधारी स्वार पुढं सुटतो, माऊलींचा अश्व मागून, आणि मोकळ्या पाठीचा घोडा दौडत समोरून गेला की हजारो माणसं "माऊली माऊली" म्हणत वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात.

पण रिंगण संपल्यावर कॅमेरा तिथंच थांबवा की जरा. गर्दीतला प्रत्येक हात घोड्याला लागायला बघतोय आणि लगाम धरलेला सेवेकरी त्याच्या मानेवर थोपटत हळूहळू वाट काढतोय. पुढं सावलीला नेऊन अंग गार होऊ देणार, खरारा करणार, एकेक खूर उचलून आत खडा अडकलाय का बघणार. खूर म्हंजे आपल्या नखासारखंच, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतं, म्हणून नाल ठोकलेल्या घोड्याला सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतोच. आणि दमून आलेल्या घोड्यापुढं लगेच चंदीचा तोबरा, म्हंजे दाण्याची पिशवी, धरायचा नसतो. घोड्याला उलटी करता येत नाही, जठर पण अंगाच्या मानानं लहान, पोटशूळ उठला तर जीव जायला वेळ लागत नाही. नमस्कार सगळेच करतात हो, पण घोडा ज्याला ओळखतो तो हा माणूस.

(दृश्य: अकलूजचा घोडेबाजार.)

दिवाळीच्या सुमाराला अकलूजचा घोडेबाजार. इथं कानाची टोकं एकमेकांना भिडलेली मारवाडी घोडी, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी, गळ्यावर देवमण नावाचा शुभ भोवरा असलेला, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून आणि रंगावरून किंमत वर-खाली. हलगीवर नाचणारी घोडी बघायला तर ही गर्दी. मला विचाराल तर भोवरा नंतर बघा, आधी तोंडाचे कोपरे बघा. कडियाळीनं, म्हंजे लगामाच्या तोंडातल्या लोखंडानं, चिरलेत का, पायाला दोरीचे वळ आहेत का. मारून शिकवलेलं घोडं तिथंच कळतं, हात वर केला की मान झटक्यानं मागं घेतं. असलं जनावर कितीही सुंदर नाचत असलं तरी त्याच्या मालकाला शाबासकी द्यावीशी वाटत नाही.

(दृश्य: पुन्हा माळ. मावशी घोडीचा पाय बघतायत.)

या मावशींच्या घोडीला वाटेत तार लागली. हळद भरलीय, कापड बांधलंय. पण घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा फार जास्त, आणि त्याची लस आहे, महाग पण नाही. अडचण एवढीच की वाडा आज या शिवारात, उद्या दुसऱ्या, आणि दवाखाना गावात. दिवाळीला घाटाकडं निघायच्या आधी वाडे आपापल्या गावाजवळ असतात, तेव्हाच जनावरांच्या डॉक्टरांनी माळावर येऊन घोड्यांना लस टोचली तर पुढची वाट निभावते. तुमच्या रानात यंदा मेंढरं बसली तर वाड्यावरच्या घोडीकडं पण एक नजर टाका, आणि लंगडत असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन तुम्हीच लावा, कारण या मावशींना त्या गावात ओळखणारं कुणी नसतं.