रथ वळला, भिंत पडली

(बेळगावच्या एका वाचनालयातील व्याख्यानाचा संपादित भाग)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर छापलंय ‘लष्करी संचलन आणि राजकीय जबाबदारी’. असला विषय वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे शेवटी चहा आहे ही बातमी फुटलेली दिसते.

परेड म्हणजे काय, ते बेळगावकरांना मी सांगावं? मराठा सेंटरचा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राचा, बँड वाजला की कॅम्पातनं जाणारा माणूस गाडी बाजूला घेतोच. कसम परेडला, म्हणजे नव्या जवानांच्या शपथेच्या संचलनाला, आईबाप येतात. सगळी पोरं एकसारखी, केस बारीक, त्यामुळं आईला आपला लेक कुठला तेच कळत नाही, आणि ती सगळ्यांकडंच बघून रडते. त्या परेडचा खर्च कोण विचारणार? माझं भांडण परेडशी नाहीच.

भांडण आहे वॉशिंग्टनशी. पण त्याआधी आमची लक्ष्मी यात्रा. घरात म्हणतात, ह्यांना अणुबॉम्बवर बोलायला सांगा, हे यात्रेतच शिरतील.

गावात बऱ्याच वर्षांनी यात्रा भरली तेव्हा मी आठवीत होतो. उंबऱ्यामागं वर्गणी, घराघराला रंग, माहेरवाशिणी, पै-पाहुणे, आणि दुकानदाराकडं उधारीची वही. रथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि वळेना. मागं घेतला, पुढं घेतला, पहारी लावल्या. कुणीतरी ओरडलं, “पाडा रे ती!” आमच्या गोठ्याची भिंत बघता बघता आडवी झाली. रथ वळला, भंडारा उधळला. वडीलही हात जोडून उभे! देवीच्या रथाला नको कोण म्हणणार?

यात्रा उलगल्यावर वडील पंचांकडं गेले. अध्यक्ष म्हणाले, पंचांनी सांगितलं. पंच म्हणाले, गावानं ठरवलं. गाव म्हणालं, देवीची इच्छा. वडील एवढंच म्हणाले, “फोटोत तर रथावर एकटे अध्यक्षच दिसतात की.” हसला नाहीत? म्हणजे पुढच्या रांगेत पंच बसलेत. तो सगळा पावसाळा म्हैस आमच्या सोप्यात. तिच्या शेपटीचे फटकारे खात मी बीजगणित शिकलो, म्हणून ते तसं आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

जुलै २०१७ मध्ये ट्रम्पसाहेबांनी पॅरिसला बास्तील दिनाचं, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं, संचलन पाहिलं. आपल्याकडंही हवं! नोव्हेंबर २०१८ ठरला. ऑगस्टमध्ये आकडा बाहेर आला, ९ कोटी २० लाख डॉलरपर्यंत. बेत बारगळला, आणि दोष कुणाला? वॉशिंग्टन शहर चालवणाऱ्यांना, त्यांनी म्हणे भाव वाढवला. महापौर म्युरिएल बाउझर यांनी शहराचा वाटा सांगितला, २ कोटी १६ लाख. म्हणजे हौस एकाची आणि बिलाला पंच जबाबदार.

१४ जून २०२५ ला परेड झालीच. सैन्याची २५० वर्षं, आणि त्याच दिवशी साहेबांचा ७९ वा वाढदिवस. लष्कराचा अंदाज अडीच ते साडेचार कोटी डॉलर. रणगाड्यांनी रस्ता उखडू नये म्हणून वळणांवर लोखंडी पत्रे टाकले. आमच्या गल्लीत तेवढी तरी अक्कल असती! त्याच दिवशी गावोगाव विरोधात मोर्चेही निघाले.

आता मुद्दा, घाईत सांगतो. सैनिक हुकमानं चालतो, त्याला विचारू नका. जनरलही वरून आलेला हुकूम पाळतो. वर्धापनदिन सैन्याचा होता हे खरं, पण रणगाडे रस्त्यावर आणायचे हे ठरवतो राजकारणी. मग हुकमावर ज्याचं नाव, त्याचंच बिलावर हवं, आणि खर्च लोकप्रतिनिधींसमोर आधी मांडायला हवा, नंतर नव्हे. २०१८ ला आकडा आधी फुटला म्हणून बेत थांबला. २०२५ ला आकडा माहीत असूनही थांबला नाही, तेव्हा त्याचं उत्तरही हुकूम देणाऱ्यांनीच द्यायचं. ‘सैन्याचा मान’ म्हटलं की सगळे हात जोडतात, आमच्या वडिलांसारखे, आणि...

हो हो, घंटा ऐकली. भिंत कुणी बांधली ते राहिलंच. वडिलांनीच, दिवाळीनंतर, सोसायटीचं कर्ज काढून. पुढच्या यात्रेला रथ परत तिथंच अडला.