आधी आडोसा, मग मिक्सर

नमस्कार श्रोतेहो.

२०२४च्या मे अखेरीला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि गावभर एकच गलका झाला. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. पण खरा आकडा, ४५ म्हणा की ४६, तो तरी कुठला? पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत मोजलेला. स्लॅब ओतायच्या सेंट्रिंगच्या तापलेल्या प्लेटवर उभा असलेला माणूस त्या पेटीत नसतो. शिवाय घमेली उचलताना त्याचं स्वतःचं अंगही आतून तापतं. हवा कातडीपेक्षा गरम झाली की ती उष्णता बाहेर टाकायला घाम सुकणं हा एकच मार्ग उरतो. मुंबईत घाम निथळतो, पण सुकत नाही. आमच्या विदर्भात तो इतका झटकन सुकतो की अंगातलं पाणी किती गेलं हे कळतच नाही.

आता मला ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते आमच्या शेजारच्या घराच्या स्लॅबचे मुकादम. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मिक्सर यायच्या आधी मामांनी रेतीच्या ढिगामागे चार बांबू रोवून ताडपत्रीचा आडोसा केला. ठेकेदार हसला. मामा म्हणाले, "आधी आडोसा, मंग मिक्सर." कारण रेजा, म्हणजे बांधकामावरच्या बाया, दिवसभर पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे हो, जायला जागा नसते म्हणून! माठ भरलेला असतो आणि बाई कोरड्या घशानं घमेलं उचलत असते. पुन्हा सांगतो: माठ भरलेला असून उपयोग नाही, आडोसा हवा.

गड्यांसाठी मामांची वेगळीच तऱ्हा. दर तासाला मोठ्यानं ओरडायचे, "कोन मुताले नाही गेलं बे सकाळपासून?" आमच्या गॅलरीतल्या पाहुण्यांना ते ऐकून लाज वाटायची. पण ज्याला सकाळपासून लघवी नाही त्याच्या अंगात पाणी कमी आहे, हे ओळखायला याहून सोपी खूण कुठली?

त्या टोळीत बालाघाटकडचा एक पोरगा होता. बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता, तीनेक आठवड्यांनी परतलेला. मामांनी त्याला सावलीत गोण्या फोडायला बसवलं, तेही अर्धा दिवस. तो चिडला, "मैं नया थोडी हूँ!" मामा म्हणाले, "आंग नवं झालं तुयं." आता हे मामांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. उन्हाची सवय अंगाला लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि काही आठवडे उन्हापासून दूर राहिलं की ती मोडते. अमेरिकेतलं कामगार सुरक्षा खातं तर सांगतं की उष्णतेनं दगावणाऱ्या कामगारांपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी जातात आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात, हे ध्यानात ठेवा.

(मे महिन्यात लग्नं काढायची आपली हौस मला कधीच कळलेली नाही. नवरदेव कोटात, आणि त्याच्यापुढे बँडवाले बिचारे गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या जाड गणवेशात, भर बारा वाजता, डांबरावर! त्यांना कुणी पाणी विचारतं का? असो.)

तर रेतीचा ट्रक रखडला. सहाला सुरू व्हायचा स्लॅब दहाला सुरू झाला. स्लॅब मध्येच थांबवला तर जॉइंट राहतो, पुढे गळतो, म्हणून एकदा हात घातला की कुणी थांबत नाही. त्यातून काम ठेक्यावर, पैसे सगळ्यांत सारखे वाटून घ्यायचे. अर्धा दिवस सावलीत बसून पूर्ण वाटा कसा घ्यायचा, या भिडेनं पोरगा दुपारी मामांची नजर चुकवून मिक्सरवर गेला.

मामा लिफ्टपाशी होते. तिथून त्यांनी हाळी दिली, "कितवी गोणी?" पोरगा म्हणाला, "बारात आ गई." सगळे हसले. मामा नाही हसले. ते धावतच आले. त्याला धरून सावलीत आडवा केला, सदरा काढला आणि पाण्याचा पाइप डोक्यापासून पायापर्यंत सोडला. दोघांना प्लायचे तुकडे घेऊन वारा घालायला लावलं. ठेकेदार वरून ओरडतोय, "मामा, जॉइंट राहील!" मामा खालून म्हणाले, "जॉइंट बुजवता येते." ओल्या अंगानंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

पोरगा वाचला. बरा होऊन कामावर आला तर मामांनी पुन्हा गोण्या फोडायला बसवला. परत नवा!

माझी वेळ संपत आली, रात्री पत्र्याच्या खोलीत अंग निवत नाही ते सांगायचं राहिलंच. दारूचं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही. पण आता सांगतो एवढं एक मात्र लिहून घ्या. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर पाणी पाजत बसू नका, ठसका लागेल. पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. गाडी येईपर्यंत ओतत राहा.