देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

नाशिक जिल्ह्यातील या शाळेच्या व्हरांड्यात पाचवीची अठरा मुले फरशीवर खडूने वजाबाक्या मांडत बसली आहेत. गणिताचा तास वर्गाबाहेर का, असे विचारल्यावर बाई एवढेच सांगतात की फळा एक आहे आणि हात छत्तीस.

नियम साधा आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. तिचे चारही अंक सारखे मात्र नकोत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करायची, मोठीतून लहान वजा करायची आणि जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करायचे.

हिरव्या रिबिनी बांधलेल्या या मुलीने आपले जन्मवर्ष घेतले आहे, २०१४. ४२१० मधून ०१२४ वजा केले, उरले ४०८६. ८६४० मधून ०४६८ वजा केले, उरले ८१७२. तिच्या समोरच्या मुलाला बाईंनी १९०५ ही संख्या दिली, पण हीच का, ते सांगितले नाही. त्याला पहिल्यांदा ९३५१ मिळाले आणि दुसऱ्यांदा, तिच्यासारखेच, ८१७२. दोघे एकमेकांच्या फरशीकडे डोकावून पाहतात. ७४४३ पर्यंत दोघांचे जुळते. त्यानंतर मुलीला ३९९६ येते आणि मुलाला ४९९६.

येथे बाई मध्ये पडत नाहीत, आणि या तासातील आम्हाला सर्वांत मोलाचे वाटलेले क्षण नेमके हेच आहेत. ज्याचे चुकले त्याला उभे करण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की चूक ही चार जणांनी मिळून शोधण्याची गोष्ट असू शकते, हे पाहायला मिळणे विरळाच. शेजारची मुलगी दोन्ही उत्तरांच्या अंकांची बेरीज करते. एका संख्येचे अंक नुसते उलटसुलट मांडले, तर त्यांतील फरकाला नऊने भाग गेलाच पाहिजे, हे या मुलांनी मागच्या आठवड्यात स्वतःच ताडून पाहिले आहे. “अठ्ठावीस! नवाच्या पाढ्यात नाही,” ती म्हणते, आणि उसना घेतलेला हजार कमी करायचा राहिला होता, हे मुलाला आपणहून दिसते. तो तळहाताने चार पुसतो आणि तीन लिहितो.

६२६४. ४१७६. ६१७४. आणि त्यानंतर कितीही वेळा केले तरी ६१७४ च. “बाई, माझे पण तेच आले!” हा आवाज आता व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडूनही येऊ लागतो. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणालाच लागलेल्या नाहीत, आणि लागणारही नाहीत.

१९०५ हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे जन्मवर्ष. डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात येथून जवळच, देवळालीत, शाळामास्तर होते, आणि ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ मध्ये शोधला. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. शास्त्राच्या परिभाषेत आनंदाला जागा देणारा हा माणूस पोटापाण्यासाठी रोज मुलांपुढे उभा राहत होता, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. (६१७४ ही स्वतः हर्षद आहे, अठराने भागून पाहावे.) १९७५ मध्ये गणितावर सोप्या भाषेत लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि नाव जगभर पोहोचले.

परीक्षेत या मुलांना किती गुण मिळतात, याची नोंद शाळेकडे आहे; आम्ही ती चित्रित केलेली नाही.

घंटा झाली आहे. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात, हे मुलांनी मधल्या सुटीआधीच शोधले होते. आता दोघे जण पाच अंकी संख्या घेऊन बसले आहेत. पाच अंकी संख्या एका जागी थांबत नाहीत, ठरावीक फेऱ्यांत गरगरत राहतात, हे बाईंना ठाऊक आहे. त्या दप्तरे ओलांडत येतात, फरशीवरच्या वजाबाक्या वाचतात, आणि खडूचा आणखी एक तुकडा त्यांच्याजवळ ठेवून निघून जातात.