वाई : घाटावरून पाहिलेलं गाव

(पहाट. घाटावर धुकं. फक्त पाण्याचा आवाज.)

वाईत रस्त्यानं शिरलात तर एसटी स्टँड लागतो, मंडई लागते, गाडी कुठे लावायची यावरून वादही लागतो. म्हणून आपण नदीकडून येऊ. कारण हे गाव कृष्णेकडे तोंड करून बसलंय.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. जितक्या या वस्त्या, तितके घाट. बोळ उतरत येतो आणि शेवटचं घर संपलं की पायऱ्या सुरू. धुणं इथेच, पोरांचं पोहणं इथेच, आणि कृष्णाबाईचा उत्सवही इथेच. तोसुद्धा सगळ्या गावाचा एकदम नाही. एका घाटाचा झाला की दुसऱ्याचा.

गाव तसं फार जुनं. अफजलखान इथला सुभेदार होता. पण आज आपल्याला दिसते ती वाई अठराव्या शतकातली, आणि तिच्यावर ठसा आहे सरदार रास्त्यांचा. मूळचे हे गोखले. त्यांची गोपिका नानासाहेब पेशव्यांना दिली. थोरल्या माधवरावांची ती आई. पुण्याशी सोयरीक झाली आणि सरदारकीचा पैसा कृष्णाकाठी दगडात उतरला. 1757 मध्ये आनंदराव भिकाजी रास्त्यांनी काशीविश्वेश्वर बांधला. नंदी पाहा, काळ्या दगडाला आरशासारखी झिलई. पाच वर्षांनी, 1762 मध्ये, गणपतराव भिकाजींनी शेजारीच गणपती बसवला.

(गाभारा. मूर्तीवर कॅमेरा खालून वर.)

हा ढोल्या गणपती. एका दगडातला. नाव कुणी ठेवलं असेल ते ठेवो, अगदी बरोबर ठेवलंय.

लोक दर्शन घेतात आणि आल्या वाटेनं परत जातात. आपण देवळाच्या मागे जाऊ.

(मागची भिंत. घाई नको, शॉट पूर्ण ठेवावा.)

ही भिंत सपाट नाही. मधोमध धार काढलीय आणि दोन्ही अंगांना ती मागे सरकत गेलीय, होडीच्या नाळेसारखी. गावात हिला मत्स्याकार म्हणतात. पुराचा लोंढा या धारेवर आपटतो, दुभंगतो आणि देवळाच्या दोन बाजूंनी निघून जातो. पाणी आत शिरत नाही असं नाही. शिरतं, ओसरतं, गाळ राहतो, तो काढतात. देऊळ मात्र जागचं हलत नाही. नदीला अडवायचं नाही, वाट द्यायची, एवढा हिशेब त्या गवंड्यांनी केला होता.

आणि चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायची. दगडी चाक गोल खोबणीतून फिरत राहायचं. मळलेला चुनाही लगेच वापरायचा नाही, मुरू द्यायचा. अशा चुन्यातला जोड सावकाश घट्ट होतो, पण भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडू शकतं. त्यावर सिमेंटचा गिलावा थापला की पाणी आत कोंडतं आणि वीट भुसभुशीत व्हायला लागते. दुरुस्ती म्हणून हे अगदी हौसेनं केलं जातं, वर ऑइलपेंट. या जोत्याजवळचे फुगलेले पापुद्रे बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

(आळीतले वाडे. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन.)

खाली दगडी जोतं, वर विटा, आणि सगळा भार सागवानी खांब-तुळयांवर. माथ्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. बाहेर उन्हाचा चटका असला तरी चौकातून ओसरीवर पाय ठेवला की गार.

वाटण्या झाल्या, डागडुजी परवडेना, बरेच वाडे पडले आणि त्या जागी अपार्टमेंट आली.

याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं; तो विषय मात्र वेगळ्या फिल्मचा आहे.

(मेणवली. ड्रोन : चंद्रकोरीसारखा घाट.)

वाईपासून थोडं वर, मेणवली. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा. पुण्यातल्या राजकारणाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं हे नदीकाठचं घर, आणि त्याची दप्तरंही इथेच सापडली. मागचा दरवाजा उघडला की थेट घाट.

घाटावर मेणेश्वर, आणि शेजारच्या छोट्या देवळात देव नाही, घंटा आहे. पंचधातूची. जवळून पाहा : बाळाला घेतलेली मेरी, आणि 1707 हा आकडा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेतली ही चर्चची घंटा. महादेवाच्या दारात टांगली, पण मेरीला कुणी खरवडलं नाही.

(इथून निवेदन नाही. घंटेचा एक ठोका. मग घाटावर धुणं आपटल्याचा आवाज, शेवटपर्यंत.)