जुनापाणीचे गोटे

(सकाळ. मुरमाचं माळरान. बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या.)

नागपुरातून काटोल रोड धरायचा. गोरेवाडा मागं पडलं की दहा-बारा किलोमीटरच्या आतच जुनापाणी येतं. बकऱ्या चारणारे एक काका आमचा कॅमेरा पाहून थांबले. “गोटे पाहाले आले का जी?”

हो, गोटेच पाहायला आलो.

पायाखाली बघत चाललात तर गोट्यांशिवाय काही दिसणार नाही. जरा उंचवट्यावर चढा आणि वळून पाहा. काळ्या दगडांची एक गोल रांग, मध्ये किंचित फुगलेली जमीन. तिच्या शेजारी दुसरी, पलीकडं तिसरी. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे 300 शिळावर्तुळं नोंदली गेली आहेत. बख्त बुलंद शाहनं 1702 मध्ये नागपूर वसवलं, म्हणून आपण शहराला जुनं म्हणतो. ही वर्तुळं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. बहुतेक तर अशोकाच्याही आधीची.

दगड इथलाच, काळा पाषाण. नागपूरच्या पश्चिमेला तो पसरलेला आहे आणि शहराच्या पूर्वेला संपतो. तेव्हा गोटे शोधायला लांब जावं लागलं नसेल. पण यातला एक हलवून पाहा. एका घरच्या माणसांचं हे काम नाही, अख्खं गाव लागलं असणार.

(दगडांच्या रांगेवरून सरकणारा कॅमेरा.)

हे गवळ्यांचे मुक्कामाचे डेरे होते, अशी जुनी समजूत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मात्र आत काय आहे ते खोदून पाहिलं. हा माणूस मध्य प्रांतातल्या कापसाचा कमिशनर होता. सरकी-रुईच्या हिशेबातून त्याला दगडांचा नाद कसा लागला कोण जाणे. 1879 मध्ये त्यानं या वर्तुळांवर लिहिलं. त्याला मिळालेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लोखंडी खंजीर, छिन्न्या, कडी, घोड्याचे लगाम. आणि कुऱ्हाडी.

या कुऱ्हाडींपाशी थोडं थांबू. आपल्या कुऱ्हाडीला दांडा घालायला नेढं असतं. या चपट्या कुऱ्हाडींना ते नाही. लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळून पातं दांड्याला जखडलेलं. लोखंडही बाहेरून आणलेलं नव्हे. पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या काठी, नैकुंडला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांना, वर्तुळं रचणाऱ्या याच लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली.

म्हणजे भट्टी होती, लोहार होता, आणि एवढ्या मेहनतीनं घडवलेलं हत्यार मातीत पुरून टाकायची तयारीही होती. कुणासाठी?

1961-62 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणानं इथली तीन वर्तुळं उकरली. दगडांच्या आत माती आणि गोट्यांची भर, त्याखाली काळी-तांबडी मडकी, लोखंड, आणि घोड्याचे अवशेष. इथून जवळच माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज मिळाला. म्हणजे ही वर्तुळं मेलेल्यांसाठीची, थडगीच. विदर्भातल्या काही वर्तुळांत मात्र माणसाचं हाडसुद्धा मिळत नाही. मेला की वर्तुळ, असा सरसकट नियम दिसत नाही. ज्याच्यासाठी घोडा मारायचा आणि कुऱ्हाड सोडायची, असा कुणीतरी मोठा माणूस असावा. बाकीचे कुठं गेले, ते माळ सांगत नाही.

(एका दगडाच्या अगदी जवळ.)

आता हात इथं ठेवा. लागलं बोटाला? वाटीसारखा खळगा. गोट्या खेळायच्या गलीएवढा. शेजारी आणखी एक, मग ओळच. हे पावसानं झालेलं नाही, कुणीतरी ठोकून ठोकून केलंय. असेच खळगे युरोपातल्या दगडांवरही आहेत, हे रिव्हेट-कार्नाकच्या लक्षात आलं होतं. अलीकडं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी, खळगेवाले दगड वर्तुळाच्या कोणत्या बाजूला आहेत ते मोजलं. ते कसेही विखुरलेले नाहीत. ठरावीक तीन दिशांनाच दाटतात. म्हणजे उभं राहायची जागा ठरलेली होती, बघायची बाजूही. काय बघत होते? उगवता तारा, पावसाचं नक्षत्र? माझा कल नक्षत्राकडं. विदर्भाचा माणूस दुसरं काय बघणार!

(ऊन वर चढतं.)

दहा वाजत आले. सकाळी तिरपं ऊन होतं तोवर प्रत्येक खळग्यात सावली भरलेली होती. आता सूर्य वर आला तशी ती आटतेय. काका बकऱ्या वळवायला निघालेत. जाता जाता म्हणाले, “संध्याकाळी या, मंग दिसते.”